बर्फावरची चाकोरी

४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावरील अमेरिकन संशोधन-ठाण्यापाशी तीन लहानसे ट्रॅक्टर येऊन थांबले. त्यांच्यामागे सामानाने लादलेल्या घसरगाड्या होत्या आणि ट्रॅक्टरांवर पाच थकलेली माणसे होती. त्यांचा म्होरक्या होता एडमंड हिलरी. पाच वर्षांपूर्वी, २९ मे १९५३ रोजी, तेनसिंगसह एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवणारा तोच हा न्यूझीलंडचा वीर. पीटर मल्ग्रू, मरे एलिस, जिम बेट्स आणि डेरेक राइट हे त्याचे चार सोबती. रॉस समुद्राच्या काठावरील आपल्या तळापासून सुमारे दोन हजार किलोमीटरांची हिमभूमी तुडवून ते आले होते. त्यांच्याजवळ इंधन उरले होते अवघे वीस गॅलन.

आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी आणि स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचले, त्यानंतर सेहेचाळीस वर्षे जमिनीच्या मार्गाने तेथे कोणी गेले नव्हते. यंत्राच्या वाहनाने तर त्यापूर्वी कोणीच नाही. पण या पराक्रमातील खरी नवलाची गोष्ट निराळीच आहे. हिलरीचे हे ट्रॅक्टर ध्रुवप्रवासासाठी घडवलेले नव्हते. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ पासून तयार होऊ लागलेला, पाच लाखांहून अधिक संख्येने खपलेला, नांगरटीचा साधा फर्ग्युसन ट्रॅक्टर तो. इंजिन सुमारे अठ्ठावीस अश्वशक्तीचे, वजन एका टनाहून थोडेसे अधिक. आपल्याकडील शेतांतून फिरणाऱ्या आजच्या मध्यम ट्रॅक्टरापुढेही तो धाकटाच ठरेल. अशा यंत्राने ध्रुव गाठला तो कशाच्या बळावर? इंजिनाच्या बळावर खासच नव्हे. त्याचे उत्तर शोधू लागलो म्हणजे एक मोठा मनोरंजक विषय हाती लागतो. चाकाला जमिनीची पकड कशी मिळते, बर्फावर ती का सुटते आणि ती परत मिळवण्यासाठी माणसाने काय काय युक्त्या योजल्या, तो हा विषय.

हिम आणि बर्फ

आरंभीच भाषेची एक अडचण दूर केली पाहिजे. आपण उष्ण देशात राहणारी माणसे. सरबतात घालायचा खडा, डोंगरावर पडलेला कापसासारखा थर आणि गोठलेल्या तळ्याचा आरशासारखा पृष्ठभाग या सर्वांना आपण सरसकट 'बर्फ' म्हणून मोकळे होतो. चाकाच्या दृष्टीने मात्र या वस्तू एकमेकींपासून फार भिन्न आहेत. म्हणून या लेखापुरते आकाशातून पडलेल्या भुसभुशीत थराला आपण 'हिम' म्हणू आणि गोठलेल्या कठीण, गुळगुळीत थराला 'बर्फ' म्हणू. हा भेद ज्याला उमगला त्याला या विषयाचे अर्धे मर्म उमगले.

आता पकडीचा हिशेब पाहू. चाक जमिनीला मागे रेटते आणि जमीन चाकाला पुढे रेटते; गाडी चालते ती एवढ्यावरच. हा रेटा दोन गोष्टींवर ठरतो. एक, चाकावर किती भार आहे. आणि दुसरी, चाक व जमीन यांमध्ये घर्षण किती आहे. बाराशे किलो वजनाचा ट्रॅक्टर घ्या आणि त्याचा सारा भार गती देणाऱ्या चाकांवरच आहे असे समजा. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर तो आठशे-नऊशे किलोंइतक्या जोराने ओढू शकेल. तुडवून घट्ट झालेल्या हिमावर हाच आकडा अडीचशे-तीनशेवर येतो. आणि ओलसर, गुळगुळीत बर्फावर शंभराच्या आसपास, कधी त्याहूनही खाली. इंजिन तेच, चालक तोच, चाकेही तीच. मग इंजिन अठ्ठावीस अश्वशक्तीचे असो की शंभर अश्वशक्तीचे, जमीन जेवढा जोर झेलील तेवढाच कामी येणार. उरलेला जोर चाक जागच्या जागी फिरवण्यात खर्ची पडतो.

बर्फ इतका निसरडा का, या प्रश्नाने शास्त्रज्ञांना पुष्कळ काळ झुलवले. भाराखाली बर्फ वितळतो व त्या पाण्यावरून वस्तू घसरते, असे १८८६ मध्ये जॉली या शास्त्रज्ञाने सुचवले होते. ते दिसावयास पटण्याजोगे असले, तरी कडक थंडीतील घसरण त्याने पुरती उलगडत नाही. त्यापूर्वीच, १८५० मध्ये, मायकेल फॅरेडे याने बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो असा तर्क मांडला होता. पुढे १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी घर्षणाच्या उष्णतेने बर्फ वितळतो, हे प्रयोगांनी पुढे आणले. आज ही दोन्ही कारणे महत्त्वाची मानली जातात. म्हणूनच शून्य अंशाजवळचा ओला बर्फ सर्वांत घातकी असतो. उणे तीस-चाळीस अंशांवर तो पाण्याचा थर जवळजवळ नाहीसा होतो आणि हिम वाळूसारखे खरखरीत होते. तेथे चाकाला पकड थोडी अधिक मिळते. पण मागची घसरगाडी मात्र घसरेनाशी होते. ध्रुवावरून परतताना स्कॉटच्या तुकडीला याच वाळूसारख्या हिमाने जेरीस आणले होते. एका बाजूने निसर्गाने दिले की दुसऱ्या बाजूने तो काढून घेतो.

चाक हरले, पट्टा जिंकला

दक्षिण ध्रुवखंडावर पहिली मोटार नेली ती अर्नेस्ट शॅकल्टनने, १९०८ मध्ये. ॲरोल-जॉन्स्टन या कारखान्याची ती चारचाकी गाडी होती. गोठलेल्या समुद्राच्या कठीण पृष्ठावर तिने बऱ्यापैकी काम दिले, सामानही वाहिले. पण मऊ हिम लागले की तिची अरुंद चाके रुतत आणि जागीच गरगरत. ध्रुवाच्या वाटेवर तिचा उपयोग झाला नाही.

स्कॉटने यातून धडा घेतला. त्याने चाकांऐवजी साखळीच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या तीन मोटार-घसरगाड्या नेल्या. त्यांतील एक जानेवारी १९११ मध्ये जहाजातून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्राच्या तळाशी गेली. उरलेल्या दोन त्या वर्षअखेरच्या प्रवासात थोडे अंतर चालून बंद पडल्या. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, पट्ट्यांनी दगा दिला नव्हता. दगा दिला तो तापणाऱ्या इंजिनांनी. पकडीचा मार्ग सापडला होता, त्याला साजेसे यंत्र अद्याप जन्माला यावयाचे होते.

हिलरीच्या मंडळींनी आपल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांची मोठी मागची चाके आणि लहान पुढची चाके यांच्यामध्ये प्रत्येक बाजूस आणखी एक चाक बसवले आणि तिन्ही चाकांवरून एक अखंड पट्टा फिरवला. या एका फेरफाराने दोन कामे साधली. ट्रॅक्टरचा भार चार छोट्या ठशांऐवजी दोन लांबच लांब पट्ट्यांवर पसरला, त्यामुळे तो हिमात कमी रुतू लागला. शिवाय साध्या ट्रॅक्टरात केवळ मागच्या चाकांवरचाच भार पकडीच्या कामी येतो; येथे पट्टा पुढपर्यंत गेल्यामुळे सबंध वजन कामाला लागले. धान्याच्या राशीवर चालताना पाय बुडतो, पण फळी टाकून चालले तर बुडत नाही, हे आपल्याकडे खळ्यावर काम करणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. पट्टा ही ट्रॅक्टरने आपल्यापुढे आपणच अंथरलेली आणि मागून उचलून घेतलेली फळीच होय.

१४ ऑक्टोबर १९५७ रोजी ते तळावरून निघाले. सोबत वीझल नावाचे आणखी एक पट्ट्यांचे वाहन होते. ते पुढे नादुरुस्त होऊन वाटेतच सोडावे लागले. स्केल्टन हिमनदी चढून ते उंच पठारावर आले, तो पुढे दुहेरी संकट उभे राहिले. सुमारे तीन हजार मीटर उंचीवर हवा विरळ असल्यामुळे इंजिनाचा जोर जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. आणि नेमके तेथेच हिम अधिक भुसभुशीत लागले. याखेरीज हिमाच्या पातळ आवरणाखाली दडलेली खोल विवरे होतीच. आवरण ढासळून ट्रॅक्टरचा एखादा भाग विवरावर लोंबकळू लागण्याचे प्रसंग आले. म्हणून त्यांनी तिन्ही ट्रॅक्टर जाड दोरांनी एकामागे एक जोडून घेतले. एक खचला तर दुसरे दोघे त्याला धरतील, हा हेतू. त्याचा आणखी एक लाभ असा की, एकाचे पट्टे जागी फिरू लागले तरी दुसऱ्याची पकड टिकलेली असे आणि तो पहिल्याला ओढून काढी. एकत्र कुटुंबात एकाचा हात आखडला तर दुसरा सावरून घेतो, तशातलाच हा प्रकार.

शेवटच्या टप्प्यात मऊ हिमातून घसरगाड्या निघेनात, तेव्हा हिलरीने जे केले ते अनुभवी गाडीवानास शोभेल असेच होते. त्याने इंजिनावर अधिक ताण दिला नाही. ओझे कमी केले. इंधन आणि अन्न यांचा काटेकोर हिशेब करून, ज्याच्यावाचून निभेल ते सारे तेथेच टाकले. हा निर्णय सोपा नव्हता. त्या ओसाड प्रदेशात मागे टाकलेली वस्तू पुन्हा मिळत नाही आणि पुढे मार्ग चुकला तर तीच जीव वाचवणारी ठरते. वीस गॅलन इंधन शिल्लक राहिले, ते या हिशेबामुळे.

शेतकऱ्याची विद्या

ध्रुवावर जाणारे थोडे. परंतु कॅनडा, अमेरिकेचे उत्तर भाग, फिनलंड, स्वीडन या देशांत लक्षावधी शेतकऱ्यांना दर हिवाळ्यात हाच प्रश्न सोडवावा लागतो. गोठ्यापर्यंत चारा न्यावयाचा, अंगणातील हिम सरकवावयाचे, रानातून लाकूड ओढून आणावयाचे. आणि हे सर्व ट्रॅक्टरनेच. आज अनेक मराठी घरांतील मुले-मुली त्या देशांत स्थायिक झाली आहेत आणि त्यांच्या पत्रांतून हिमवर्षावाची वर्णने आपण वाचतो. तेथील शेतकऱ्यांनी अनुभवाने जमवलेली विद्या मोठी वाचनीय आहे.

पहिला उपाय भार वाढवण्याचा. आपल्याकडे माळव्यात किंवा तेलंगणात ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत पाणी भरण्याची रीत पुष्कळांना माहीत असेल. टायरचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याने भरला की काही शे किलो भार अगदी खाली, थेट चाकातच बसतो आणि पकड सुधारते. थंड देशात मात्र ते पाणी गोठून चाकात दगड होईल. म्हणून तेथे पाण्यात कॅल्शियम क्लोराइड नावाचे क्षार विरघळवतात. त्याचे घट्ट द्रावण उणे पन्नास अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही आणि पाण्याहून जडही असते. दोष एवढाच की, गळती झाली तर चाकाची लोखंडी कडी गंजते. यावर उपाय म्हणून कित्येक ठिकाणी साखर काढून घेतलेला बिटाचा रस टायरात भरतात; तो गंजवत नाही आणि कडक थंडीतही सहसा गोठत नाही. साखर कारखान्याच्या या उरलेल्या रसाने ट्रॅक्टर बर्फावर उभा राहतो, ही सृष्टीची एक गंमतच म्हणावयाची.

दुसरा उपाय साखळ्यांचा. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड या गृहस्थाने १९०४ मध्ये टायरभोवती गुंडाळावयाच्या साखळीचे एकस्व घेतले. चिखलातून व हिमातून गाडी हाकताना मोटारवाले चाकाभोवती दोर गुंडाळीत, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. कठीण, गुळगुळीत बर्फावर साखळीसारखा दुसरा सोबती नाही. रबर बर्फावर नुसते टेकते. साखळीची कडी मात्र त्यात रुतते. तेच काम टायरात बसवलेले कठीण धातूचे खिळेही करतात. साखळी सैल बांधली तर ती चाकाला व यंत्राला झोडपते, म्हणून थोडे अंतर चालवून ती पुन्हा आवळावी लागते. चारही चाकांना गती असलेल्या ट्रॅक्टरात केवळ पुढच्या चाकांना साखळ्या घातल्या, तर उतारावर मागची बाजू घसरून सबंध ट्रॅक्टर आडवा फिरण्याचा धोका असतो, हेही तेथील जाणते सांगतात.

तिसरी गोष्ट टायरच्या नक्षीची व रबराची. शेतीच्या टायरांवर तिरप्या, उंच आणि एकमेकींपासून दूर असलेल्या रबरी पट्ट्या असतात. नांगरलेल्या मातीत आणि खोल हिमात त्या उत्तम काम देतात. परंतु सपाट बर्फावर त्यांचे केवळ माथे टेकतात. बर्फावर हव्यात पुष्कळ बारीक कडा व चिरा. शिवाय सामान्य रबर थंडीत कडक होते आणि कडक रबराला खालच्या बारीक उंचसखलपणाशी जुळवून घेता येत नाही. फिनलंडमधील नोकिया गावच्या कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी हिवाळी टायर काढला, त्यामागे हीच गरज होती. हिवाळी टायरचे एक वैशिष्ट्य ऐकून नवल वाटेल. त्याच्या खाचांत हिम भरून राहिले तर तुडवलेल्या हिमावर पकड उलट वाढते, कारण हिमाला हिम घट्ट धरते. मुले दोन मुठी हिम दाबून गोळा करतात, त्यातले हेच रहस्य.

चौथा उपाय वरवर पाहता उलटा वाटतो : टायरातील हवा कमी करणे. हवा कमी केली की टायर दबतो, त्याचा जमिनीवरचा ठसा लांब-रुंद होतो आणि भार पसरतो. आइसलँडमध्ये हिमनद्यांवरून गाड्या हाकणारे चालक प्रचंड टायरांतील हवा चौरस इंचास अवघ्या दोन ते चार पौंडांपर्यंत उतरवतात. आपल्या साध्या मोटारीत ती तीसच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे या युक्तीचे धाडस कळेल.

आता येथे सुज्ञ वाचकास एक विसंगती दिसेल. एक उपाय म्हणतो भार वाढवा, दुसरा म्हणतो भार पसरा. एक म्हणतो जमिनीत रुता, दुसरा म्हणतो जमिनीवर तरंगा. यांतला खरा कोणता? उत्तर सुरुवातीच्या भेदात आहे. कठीण बर्फावर चाकाने रुतले पाहिजे, म्हणून तेथे भार व साखळी. खोल, मऊ हिमावर चाकाने तरंगले पाहिजे, म्हणून तेथे रुंद ठसा, कमी हवा व हलके ओझे. एका जागी तारणारा उपाय दुसऱ्या जागी बुडवतो. खोल हिमात वजन लादलेला ट्रॅक्टर आपला खड्डा आपणच खणतो. आणि आरशासारख्या बर्फावर, साखळी नसेल तर, नुसत्या रुंद टायरचाही फारसा इलाज चालत नाही. वैद्याने नाडी पाहून औषध द्यावे, तसे चालकाने आधी जमीन पाहावी.

आणि सर्व उपायांच्या वरचा उपाय चालकाच्या हातापायांत असतो. चाक एकदा जागी फिरू लागले की घर्षणाने खालचे हिम वितळते, लागलीच गोठते आणि मऊ हिमाचा गुळगुळीत बर्फ होतो. जितका अधिक जोर, तितकी अधिक घसरण. म्हणून जाणता चालक निघताना इंजिन हळू ठेवतो, झटका देत नाही, वळणावर ब्रेक दाबत नाही आणि उतरताना इंजिनाच्याच आवरण्याने वेग कमी राखतो. एक चाक घसरून दुसरे नुसतेच उभे राहिले, तर घसरणाऱ्या बाजूचा ब्रेक हलकेच दाबतो, म्हणजे जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या बाजूंचे ब्रेक वेगळे दिलेले असतात, त्यांचा हाही एक उपयोग.

चाक पुन्हा ध्रुवावर

शॅकल्टनचे चाक १९०८ मध्ये हरले होते. शंभर वर्षांनी त्याने आपला पराभव पुसून काढला आणि त्यात आपल्या देशाचाही वाटा आहे, ही अभिमानाची गोष्ट. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी निघाली ती गोव्याहून. पुढे गोव्यातच, वास्को-द-गामा येथे, या कार्यासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आज ती राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या नावाने ओळखली जाते. समुद्रकाठच्या बर्फापासून सुमारे शंभर किलोमीटर आत असलेल्या आपल्या 'मैत्री' ठाण्यापर्यंत इंधन आणि शिधा नेण्याचे काम पट्ट्यांवर चालणारी वाहने करतात.

मात्र नोव्हेंबर २०१० मध्ये या संस्थेचे तेव्हाचे संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ जणांची भारतीय तुकडी दक्षिण ध्रुवाकडे निघाली, तेव्हा तिने निवडल्या त्या आइसलँडच्या तंत्राने सज्ज केलेल्या, रुंद टायरांच्या चाकी गाड्या. २२ नोव्हेंबर २०१० रोजी ही तुकडी ध्रुवावर पोहोचली. जे अंतर कापण्यास पूर्वीच्या वीरांना महिने लागले, तितके अंतर तिने काही दिवसांत कापले.

चार वर्षांनी, २०१४ मध्ये, 'मैत्री'च्या शेजारच्या रशियन ठाण्याच्या परिसरातून एक ट्रॅक्टर ध्रुवाकडे निघाला. तो मॅसी फर्ग्युसनचाच, म्हणजे हिलरीच्या ट्रॅक्टरचा वंशज. पण पट्ट्यांवर नव्हे, रबरी टायरांवर चालणारा. त्याच्या चालकांत प्रमुख होती मॅनॉन ऑसेव्होर्ट ही डच नाट्यकलावती. त्यापूर्वी तिने युरोपातून आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत ट्रॅक्टरनेच प्रवास केला होता. ९ डिसेंबर २०१४ रोजी ती ध्रुवावर पोहोचली आणि जाऊन-येऊन सुमारे ४६०० किलोमीटरांची मजल त्या ट्रॅक्टरने पुरी केली. ठिकठिकाणच्या लोकांनी कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहून दिलेली स्वप्ने तिने ध्रुवापर्यंत नेली होती. हिमभूमीवर चाक टिकले, कारण मधल्या शतकात टायराची रुंदी, रबराची घडण आणि हवेचे माप यांची विद्या माणसाने पैदा केली.

आपल्या घरी

माळव्यात, निमाडात किंवा बेळगावच्या भागात हिम पडत नाही, मग या साऱ्याचे आपणास काय, असे कोणी म्हणेल. पण आषाढातली काळी माती ही आपली हिमभूमीच आहे. वरचा थर निसरडा आणि खालचा खोल व चिकट. म्हणजे बर्फ व हिम या दोहोंचे दोष तिच्यात एकवटलेले. गोव्यात आणि तेलंगणात भाताच्या खाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात, तो हिलरीच्या पट्ट्याचाच भाऊबंद. रुतलेल्या ट्रॅक्टरला अधिक रेस देऊन खड्डा खोल करणारा चालक आपण कितीदा तरी पाहतो. त्याने इंजिन उतरवावे, मागचे ओझे सोडावे, चाकापुढची माती खणून तेथे फांद्या किंवा दगडगोटे घालावेत आणि मग हळूच निघावे. ध्रुवावर जे खरे ठरले तेच येथेही खरे आहे.

याच संदर्भात एक गोष्ट प्रत्येक शेतकरी घरात सांगितली गेली पाहिजे, कारण ती प्राणांशी निगडित आहे. चाक निघत नाही म्हणून कित्येक जण मागच्या चाकाला आडवा ओंडका बांधतात, किंवा ओढावयाचा दोर मागच्या आसाला अथवा त्याहूनही उंच अडकवतात. चाक फिरू शकत नाही, इंजिनाचा जोर मात्र चालूच राहतो. अशा वेळी तो जोर ट्रॅक्टरचे पुढचे तोंडच वर उचलतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर येतो. उडी मारण्याइतकाही अवसर मिळत नाही. ओढावयाचे ते नेहमी खालच्या, त्यासाठीच दिलेल्या दांड्याला बांधून ओढावे. पुढे खोल चिखल असेल तर शक्यतो मागे घेऊन निघावे. आणि तरीही न निघाल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरची किंवा बैलजोडीची मदत घ्यावी. तासाभराचा खोळंबा परवडतो, घरचा कर्ता माणूस गमावणे परवडत नाही.

हिलरीजवळ अठ्ठावीस अश्वशक्तीचे इंजिन होते आणि तेही विरळ हवेत धापा टाकणारे. ते ध्रुवापर्यंत गेले, कारण पायाखालची भूमी काय मागते ते त्या पाच जणांनी रोज नव्याने पाहिले आणि जोर लावण्यापूर्वी ओझ्याचा विचार केला. यंदाच्या पावसाळ्यात शेताच्या बांधावर ट्रॅक्टर रुतला, तर चालकाने क्षणभर खाली उतरून आधी चाकाकडे आणि मग दोर कोठे बांधला आहे त्याकडे पाहावे. तेवढे झाले तरी हा लेख लिहिल्याचे चीज झाले असे वाटेल.